मिस्त्रींच्या हातांचा साबण

बारकी साबण करायला उभी राहिली की घरातल्या चहालासुद्धा रजा मिळे. ओट्यावर जुनी वर्तमानपत्रं अंथरली जात, खिडकी सताड उघडी राही, दार लागे आणि आतून फर्मान निघे, "कुणी यायचं नाही. आलात तर मी जबाबदार नाही!" सुट्टीच्या दिवशी सकाळी स्वतःच्याच स्वयंपाकघराबाहेर ताटकळायची वेळ तिच्या आईवर येई. "पाणी तपासायच्या एवढ्या मोठ्या लॅबमध्ये नोकरी करतेस," ती बंद दाराला ऐकवी, "तिथं नाही का घालत हा घाट?"

मिस्त्री मात्र दाराच्या काचेला नाक लावून उभे असत. मिस्त्री म्हणजे बारकीचे बाबा, फरश्या बसवणारे. गल्लीत, कामावर, दुकानात सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत; बायकोसुद्धा रागावली की "अहो"वरून "मिस्त्री"वर येई. त्यांनी आयुष्यात पुष्कळ कारागीर पाहिले होते आणि कुणाचं कौतुक करायला त्यांची जीभ सहसा उचलत नसे. पण काचेपलीकडची ही पोरगी कामाला लागली की त्यांना दुसरं काही सुचत नसे. डोळ्यांवर जाड चष्मा, कोपरापर्यंत हातमोजे, केस घट्ट बांधलेले. आधी पाणी मोजून घ्यायची, मग त्यात कॉस्टिक सोडा थोडा थोडा सोडायची. सोडा पाण्यात, पाणी सोड्यावर कधीच नाही. वाफ निघाली की मान मागे. तेलं वेगळी कोमट करून ठेवलेली असत. दोन्ही भांडी सारखीच कोमट झाली की ती एकत्र करून ढवळत राही, आणि ते पिवळं पाणीदार तेल बघता बघता पांढऱ्या सिमेंटच्या घोळासारखं दाट होई. चमच्याची रेघ वर उमटून तशीच राहिली की ओतलंच साच्यात.

"माल बरोबर झाला," मिस्त्री बाहेरून म्हणत. "थापी चालवावी असा."

"बाबा, साबण आहे तो. जिना नाही."

दुसऱ्या दिवशी वड्या कापून फळीवर हवेशीर मांडायच्या आणि महिनाभर त्यांना हात लावायचा नाही, हा तिचा नियम. महिना झाला की तपासणीची पट्टी लावायची. ती पास झाली की ओलं बोट वडीवर चोळून जिभेच्या टोकाला टेकवायचं. चटका बसला तर सोडा उरलाय. नुसतीच तोंडाची चव गेली तर साबण तयार. वरच्या मजल्यावर राहणारी मिस्त्रींची थोरली बहीण, आक्का, हे पाहून कपाळावर हात मारी. "लोकांच्या पोरी आइस्क्रीम चाटतात. आमची साबण चाटते!"

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी होते मिस्त्रींचे हात.

ओलं सिमेंट माणसाच्या कातडीला खातं. वर्षानुवर्षं ते खात आलं होतं आणि आता बोटांच्या पेरांवर, अंगठ्याच्या बेचक्यात, तळव्याच्या कडेला भेगा पडल्या होत्या. इतके दिवस मिस्त्रींनी त्यांच्याकडे कानाडोळा केला होता. पण नव्या वाचनालयाचा जिना निघाला. गोल वळत वर जाणारा, दगडी, एका पायरीसारखी दुसरी पायरी नाही असा. असं काम मिस्त्री आयुष्यभर मनातल्या मनात करत आले होते. कंत्राटदाराने त्यांनाच बोलावलं, हातात हात घेतला आणि तो उलटा करून पाहिला. "मिस्त्री, दगड यायला वेळ आहे. तोवर हात नीट करा. हे असे हात घेऊन तुम्ही दिवसभर दगडाच्या कडा चाचपणार कशा? नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. राग मानू नका."

राग त्यांनी मानला नाही, पण जीव टांगणीला लागला. घरी आल्यावर ते बायकोशी बोलत असताना बारकीने ऐकलं. "मी करते," ती म्हणाली. "तुमच्या हातांसाठी खास साबण. काय काय पाहिजे बोला."

घरबसल्या ऑर्डर घेणारी लेक पाहून मिस्त्रींना चेव चढला. सिमेंट एका झटक्यात निघालं पाहिजे. फेस असा हवा की बादली भरावी. जरा खरखरीत हवा, म्हणजे घासायला बरं. आणि वास चांगला येऊ दे. बारकीने सगळं ऐकलं आणि तसंच्या तसं केलं. फेसासाठी जवळजवळ सगळं खोबरेल, खरखरीतपणासाठी कॉफीचा चोथा, वासाला संत्र्याच्या सालीचं तेल. महिन्याने वडी तयार झाली तेव्हा ती दिसायलाच अशी देखणी होती की मिस्त्रींनी ती हातात घेऊन कडा तपासल्या. कुठे टवका नाही, कुठे फुगवटा नाही.

कामावरून आल्यावर त्यांनी बेसिनशी पहिल्यांदा हात धुतले. शेजारी टॉवेल घेऊन बारकी उभी. फेस तर असा आला की नळ दिसेना. आणि त्या फेसाखाली संत्र्याचं तेल एकेका भेगेत शिरलं, कॉफीच्या कण्यांनी त्या भेगा खरवडल्या, आणि मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"कसा आहे?"

"एक नंबर!" मिस्त्री म्हणाले. आवाज जरा वर गेला, पण तो आनंदाचा वाटावा असा.

"झोंबत नाही ना?"

"छे! लोण्यासारखा आहे."

बारकीचा चेहरा असा उजळला की त्या चेहऱ्यासाठी मिस्त्रींनी हात तेजाबातसुद्धा बुडवले असते. खरं तर तेच त्यांनी पुढे रोज केलं. सकाळी, दुपारी डबा खाण्याआधी, संध्याकाळी. पोरीने महिनाभर राखलेली वडी कपाटात ठेवायची म्हणजे काय! बायकोनेही एकदा वापरला आणि तोंड भरून कौतुक केलं. घरात चढाओढ लागल्यासारखं झालं होतं. एक म्हणे मऊ, दुसरी म्हणे मखमली.

भेगा मात्र हटेनात. बारकीने विचारलं की मिस्त्री हात टॉवेलात गुंडाळून म्हणत, "साबणामुळेच तग धरलाय गं. सिमेंट फार वाईट." बारकी विचारात पडे. साबण चांगला आहे, हात वाईट आहेत, म्हणजे सिमेंट पुरतं निघत नसणार. तिने दुसरा घाणा काढला तो आणखी कडक. कॉफी जास्त, खोबरेल जास्त, साबण न होता उरणारं तेल अगदी कमी. विचारात कुठे खोट नव्हती. खोट होती ती ज्यावर विचार उभा होता त्या एका शब्दात, आणि तो शब्द मिस्त्रींनी दिलेला होता.

मग काही दिवस काम बंद पडलं. दुसऱ्या इमारतीच्या टाइल्स वाटेत अडकल्या, आणि मिस्त्रींना घरी बसावं लागलं. सिमेंटचा स्पर्श नाही, थापी नाही. हाताला आराम मिळायला हवा होता. घरी असल्यामुळे ते उलट जास्तच मन लावून बारकीचा साबण वापरत होते, आणि हात आणखी बिघडले. चहाचा कप धरला तरी अंगठ्याच्या बेचक्यातली भेग उघडायची. तेव्हा खाटेवर बसल्या बसल्या मिस्त्रींच्या ध्यानात आलं. सिमेंट तर इथं नाहीच. मग खातंय कोण?

त्यांना उत्तर कळलं आणि ते मूग गिळून बसले. बोलायला म्हणून दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. एकदा ती दुसऱ्या घाण्याच्या वड्या कापत होती, एकेक वडी उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून. मिस्त्री फरशीची कड अशीच बघत. ते तसेच मागे फिरले.

ही कोंडी फोडली आक्काने. ती लॉन्ड्री चालवायची. दिवसभर पाणी, पावडर, इस्त्री; तिचेही हात काही लोण्याचे नव्हते. संध्याकाळी खाली आली, बेसिनशी ती देखणी वडी पाहिली आणि हात धुवायला घेतली. दुसऱ्याच क्षणी घर दणाणलं.

"अगं आई गं! बारके, हा साबण आहे की जाळ? हाताची सालटी काढायला बसवलंयस का आम्हाला?"

बारकी धावत आली. तिने आधी वडी पाहिली, मग पट्टी आणून लावली, मग ओलं बोट जिभेला टेकवलं. "सोडा अजिबात उरलेला नाही, आत्या. साबण बरोबर झालाय."

"तुझी जीभ नको सांगूस मला. माझा हात बघ!"

"तुझा हात दिवसभर पावडरीत असतो. आधीच दुखावलेला असणार," बारकी शांतपणे म्हणाली. तिला वाद जिंकायचा नव्हता, नीट समजून घ्यायचं होतं. "आई वापरते, तिला काही होत नाही. बाबांचे हात तर तुझ्याहून वाईट, ते दोन महिने हाच वापरतायत. त्यांना लोण्यासारखा वाटतो. तू एकटीच वेगळं सांगतेस, मग मी काय समजू?"

"म्हणजे मी खोटारडी?"

"तसं म्हटलं का मी? बाबा, तुम्हीच सांगा ना हिला."

सगळ्यांच्या नजरा मिस्त्रींकडे वळल्या. आक्काच्या जिभेला हाड नव्हतं हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तिला गप्प करायला एक वाक्य पुरलं असतं. लहानपणापासून मिस्त्री तिच्यासमोर हरत आले होते, ही एवढी संधी आयती चालून आली होती. पण आज त्या घरात खरं बोललेली ती एकटी होती आणि तिलाच खोटं पाडायला पोरगी त्यांची साक्ष काढत होती. मिस्त्रींनी टॉवेल बाजूला ठेवला आणि दोन्ही हात टेबलावर, दिव्याखाली, उताणे मांडले.

"आक्का खरं बोलते," ते म्हणाले.

बारकी हातांकडे बघत राहिली. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि लोणी?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. तेवढ्यात तिची आई कोपऱ्यातून पुटपुटली, "मी तर तो पहिल्या दिवसानंतर लावलाच नाही."

"लावत नाहीस? अगं, मग तुझी वडी झिजते कशी?"

"रोज जराशी नळाखाली धरते. वापरल्यासारखी दिसावी म्हणून."

आक्काला आधी ठसका लागला, मग ती अशी हसत सुटली की खुर्ची सोडून खालीच बसली. "अरे देवा! वडीला आंघोळ घालतात रोज! आणि मला म्हणे तू एकटीच वेगळं सांगतेस!"

बारकी हसली नाही. ती आत गेली आणि दार लागलं. हेच होऊ नये म्हणून त्यांनी एवढे दिवस हात जाळून घेतले होते. आता आत ती रडत असणार, आणि पुन्हा या घरात साबणाचं नाव निघायचं नाही. ते उठणार तोच दार उघडलं. बारकीच्या हातात भिंग होतं.

"हात पुढे करा. हलवू नका."

तिने एकेक बोट पाहिलं. भेग कुठे खोल आहे, कुठे कातडी नुसती ताणलीये, कुठे लाल आहे. मग भिंग ठेवलं आणि तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "बाबा, तुम्ही काय केलंत कळतंय का? तुम्ही छान म्हणालात म्हणून मी दुसरा घाणा आणखी कडक केला! तुमच्याच भरवशावर मी तुमचेच हात सोलत होते!"

"तुझं मन दुखावेल म्हणून..."

"माझं मन दुखावलं असतं तर दोन दिवसांत बरं झालं असतं. हे बघा, हे कधी बरं होणार?"

ती खाली बसली आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पण चूक आधी माझीच. मी सिमेंट बघितलं, हात बघितलेच नाहीत. सिमेंट कातडीवरचं तेल आधीच ओढून नेतं. उरलंसुरलं माझा खोबरेलाचा साबण नेत होता. म्हणून तर एवढा फेस. आणि संत्र्याची साल, कॉफी, सगळं झाडावरचं, म्हणजे सौम्यच असणार असं मी धरून चालले. कुणी सांगितलं होतं मला तसं?"

मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिले. फरशी उंचसखल झाली की पाण्याला, वाळूला, मालकाला, हवेला दोष देणारे कारागीर त्यांनी ढिगाने पाहिले होते. स्वतःच्या हाताने लावलेली फरशी स्वतःच ठोकून, पोकळ वाजली म्हणून उखडणारा एखादाच. तो एखादा त्यांच्याच घरात, त्यांच्याच खुर्चीत, केस विस्कटून बसला होता.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. "साबणाने भेगा भरत नाहीत," तिने वाटेत सांगून टाकलं. "साबणाने फक्त त्या वाढवू नयेत. भरायचं काम औषधाचं." डॉक्टरांनी मलम दिलं, कामावर सुती हातमोजे आणि त्यावर रबरी घालायला सांगितले. सिमेंट लागलंच तर आधी भरपूर पाण्याने धुवायचं. रोज लावायला बारकीने घरीच एक मॉइश्चरायझर केलं: मधमाश्यांचं मेण आणि साधं तेल, वास नाही, रंग नाही. पाण्याचा थेंबही नाही, म्हणजे ते नासायला नको. ते कोरड्या हाताला लावायचं नाही, धुतल्यावर हात जरा ओले असतानाच लावायचं, अशी तिची अट.

"हे कळलं मला," मिस्त्री म्हणाले. "आधी पाणी, मग वरून झाकण. म्हणजे मुरलेलं पाणी उडून जात नाही. ताज्या प्लास्टरवर ओलं पोतं टाकतो, तसंच."

"अगदी तसंच."

कडक साबणाच्या उरलेल्या वड्या आक्काने पदरात घालून वर नेल्या. दोन दिवसांनी तिने जिन्यातूनच हाक दिली, "बारके, कॉलरचा मळ असा निघतो म्हणून सांगू! असाच कर पुन्हा, पण घरच्यांना दाखवू नकोस. बिचारे धुतील हात!"

नव्या साबणात जवळजवळ सगळं ऑलिव्हचं तेल होतं. सोडा बेतानेच, म्हणजे थोडं तेल न बदलता उरावं आणि कातडीवर राहावं. दाट व्हायलाच त्याने इतका वेळ घेतला की मिस्त्रींचे काचेबाहेर उभं राहून पाय दुखले. ती ढवळत राहिली. हात बदलायची, कपाळ मनगटाने पुसायची, पण घाई नाही. वड्या फळीवर चढल्या आणि इकडे कंत्राटदाराचा निरोप आला की दगड निघालाय.

"एखादी वडी आधी काढली तर?" मिस्त्रींनी हळूच विचारलं.

"कालच बसवलेल्या फरशीवर तुम्ही कुणाला चालू देता?"

असं तोंडावर ऐकवणारं माणूस हाताखाली मिळावं म्हणून त्यांनी किती वर्षं वाट पाहिली होती.

तेवढ्या दिवसांत ती रोज संध्याकाळी समोर बसून विचारी, आणि मिस्त्रींना सांगता सांगता शब्द सापडत गेले. आधी नुसतं "बरंय" म्हणायचे. ती म्हणे, "बरंय म्हणजे काय? कुठे?" मग ते शोधून बोलू लागले. अंगठ्यापाशी ताण आहे पण चटका नाही. करंगळीची भेग वरून मिटलीये, आत अजून ओली वाटते. तुझं ते मेण फार चिकट आहे, चहाचा कप हाताला चिकटतो, त्यात तेल वाढव. ही शेवटची तक्रार करताना त्यांची जीभ अडखळली, पण बारकी आनंदाने उठली आणि ते मेण पुन्हा वितळवायला गेली. पोरीला खूश करायची ही तऱ्हा मिस्त्रींना नवीनच होती.

दगड आला. कंत्राटदाराने हात पाहिले, अंगठ्याने तळवा दाबला आणि म्हणाला, "उद्यापासून या." त्याच संध्याकाळी बारकीने फळीवरची पहिली वडी उतरवली. पट्टी लावली, जिभेला बोट टेकवलं, तोंड वाकडं केलं आणि वडी बाबांच्या हातात दिली. तिची आई मागे उभी राहिली. आक्का खास वरून उतरून आली होती.

मिस्त्रींनी नळ सोडला. वडी हातात फिरवली, बोटांच्या बेचक्यांत नेली, मनगटापर्यंत चोळली, धुतली. मग पुन्हा एकदा तसंच केलं.

"फेस नाही," मिस्त्री म्हणाले.

"बरं."

"वास नाही. आहे तो ओल्या गोणपाटाचा. आणि हातात धरला की असा बुळबुळीत होतो, शेंबूड लागल्यासारखा. दोनदा निसटला."

"खरंय, ऑलिव्हचा होतो तसा. आणि भेगांना?"

मिस्त्रींनी हात दिव्याकडे धरले, बोटं पूर्ण ताणली, मिटली, पुन्हा ताणली. त्यांनी नीट आठवून पाहिलं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, एकही जागा न सोडता.

"काही होत नाही," ते म्हणाले. "कुठेच काही होत नाही."

बारकीने ते हात टॉवेलाने टिपले, पूर्ण कोरडे होऊ दिले नाहीत, आणि मेणाची डबी उघडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण विचारायचं तिने सोडलं नाही. "बुळबुळीत म्हणजे लगेच, की ओली वडी ठेवल्यावर?"

"लगेच," मिस्त्री म्हणाले. "आणि एक सांगू? ही वडी माझ्या मुठीला लहान पडते."